सही करण्याआधी

अगं, पहिल्याच मालिकेत मुख्य भूमिका मिळतेय म्हणून करारावर डोळे झाकून सही करू नकोस. पैसे बहुतेकदा ९० दिवसांनी हातात येतात. तोवरचं घरभाडं कुठून देणार, ते आधी मांड. नाटकाच्या तारखा सांभाळून घेऊ, असं तोंडी कबूल करतील, पण ते कागदावर घे. मी घेतलं नव्हतं. घोडबंदरच्या सेटवरून दादरला पोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती, मेकअप मालिकेतल्या सुनेचाच!

नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, थोडी मिळते, तरी नाटक सोडू नकोस. शिवाजी मंदिरला तिसऱ्या रांगेत कुणी खोकलं, की आपला पॉज लांबला हे तिथल्या तिथे कळतं. सेटवर ते सांगणारं कुणी नसतं. स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, त्यामुळे ‘नाट्यशाळेत गेले नाही’ म्हणून खंतावू नकोस.

मुलाखतीत लग्नाचं विचारतीलच. ‘ठरलं की सांगते’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. आईला मात्र खरं काय ते सांगत जा.

आणि रडायचा सीन असेल त्या दुपारी डबा अर्धाच खा. भरल्या पोटी हुंदका येत नाही, ढेकर येतो.