ओशो आश्रमाकडे एवढा पैसा आला कुठून, आणि आता तो कोणाच्या ताब्यात आहे?

तुम्ही विचारलंय की ओशोंच्या ९३ रोल्स रॉइस भक्तांनी दानात दिल्या होत्या का, आणि कोरेगाव पार्कातल्या आश्रमाचा आज मालक कोण. मी संन्यासी नाही आणि विरोधकही नाही, पण पुण्यात ट्रस्टची ऑडिटं करणाऱ्या एका ऑफिसात बरीच वर्षं खर्डेघाशी केलीये, त्यामुळे असल्या विषयात मला प्रवचनाच्या आधी व्हाउचर दिसतं. त्या नजरेनेच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे गाड्या सोडा. सगळे जण गाड्यांवरच अडकतात. या चळवळीचं खरं वेगळेपण असं की दानपेटी हा तिचा मुख्य धंदा नव्हता. आपल्याकडे देवस्थान म्हटलं की हुंडी, अभिषेकाची पावती, कोणीतरी शेठजी सोन्याचा मुकुट देणार, असं डोक्यात असतं. इथे काउंटर होता. शिबिराची फी, ग्रुपची फी, पुस्तक, कॅसेट, जे घ्याल त्याचे पैसे मोजा.

सुरुवातीला असं नव्हतं हो. साठच्या दशकात आचार्य रजनीश (हेच पुढे भगवान आणि शेवटी ओशो म्हणवले गेले) गावोगाव भाषणं देत फिरायचे तेव्हा खर्च उचलायचे ते बहुतेक गुजराती, मारवाडी, जैन व्यापारी. १९७० ला मनालीत नवसंन्यास (घरदार न सोडता घ्यायचा संन्यास) सुरू झाला, मुक्काम मुंबईत पेडर रोडच्या वुडलँड्समध्ये, सेक्रेटरी मा योग लक्ष्मी. मग १९७४ ला पुण्यात कोरेगाव पार्कात बंगले घेतले गेले, त्यात एका श्रीमंत ग्रीक शिष्येचा पैसा होता. आणि तिथून गिऱ्हाईकच बदललं. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतले लोक यायला लागले आणि पश्चिमेत तेव्हा जोरात असलेल्या एन्काउंटर (एकमेकांसमोर मनातलं मोकळं करायचं) वगैरे थेरपी ग्रुप इथे चालू झाले. त्या लोकांना त्यांच्या चलनात फी स्वस्त वाटायची आणि आश्रमाला रुपयात ती भरपूर व्हायची. बरं, ग्रुप घेणारे थेरपिस्ट शिष्यच, स्वयंपाक करणारे शिष्य, झाडलोट, छपाई, टेप उतरवून पुस्तकं तयार करणं, सगळे शिष्य, आणि पगार कोणालाच नाही. म्हणजे जमेची बाजू भरलेली आणि खर्चात पगाराचं हेडच नाही. असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी दोनदा चष्मा पुसला असता.

पुढे सरकारने करसवलत काढून घेतली, थकबाकीचा तगादा लागला, मोठी जागा मिळेना, आणि १९८१ ला मंडळी अमेरिकेला गेली. मा आनंद शीलाने (मूळची बडोद्याची पटेल, लक्ष्मीनंतरची सेक्रेटरी) ओरेगॉनमधलं बिग मडी रँच घेतलं, ६४ हजार एकरांच्या वर जमीन, किंमत साडेसत्तावन्न लाख डॉलर. तिथे जे उभं केलं ते मात्र हिशेबाच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे. एकच संस्था नव्हती. रजनीश फाउंडेशन इंटरनॅशनल ही धार्मिक संस्था, तिला करात सूट. जमीन रजनीश इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनच्या नावावर. रोजचा कारभार, म्हणजे शेती, बांधकाम, खानावळ, हे निओ संन्यास इंटरनॅशनल कम्यूनकडे, ती सहकारी संस्थेसारखी. आणि गाड्यांसाठी चक्क वेगळा ट्रस्ट, रजनीश मॉडर्न कार कलेक्शन ट्रस्ट. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे, की गाड्यांसाठी श्रीमंत शिष्यांनी पैसे दिले हे खरं, पण गाड्या भगवानांच्या मालकीच्या नव्हत्या, ते फक्त रोज दुपारी त्यातून चक्कर मारायचे आणि लोक रस्त्याच्या कडेला हात जोडून, नाचत उभे. कागदोपत्री माणूस निष्कांचन. यात बेकायदा काही आहे असं मी म्हणत नाही, ट्रस्टच्या गाडीत फिरणारे महाराज आपल्याकडेही पैशाला पासरी आहेत.

उत्पन्नाचं बघायचं तर दर जुलैत जागतिक महोत्सव, जगभरातून हजारो लोक येणार, राहायचे, जेवायचे, कोर्सचे पैसे भरणार. वर्षभर थेरपीचे कोर्स. युरोपातल्या शहरांत झोर्बा द बुद्धा नावाची रेस्टॉरंटं आणि डिस्को, जर्मनीत तर ते डिस्को तरुणांत चांगलेच चालायचे, तिथेही काम करणारे संन्यासीच. शिवाय कम्यूनमध्ये कायमचं राहायला येणारे आपली जमापुंजी, कधी वारसाहक्काचा पैसा, घेऊन यायचे. आणि रँचवर बारा बारा तास काम, त्याला काम नाही म्हणायचं, वर्शिप म्हणायचं, म्हणजे पूजा. पूजेला ओव्हरटाइम कोण मागणार?

यातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जो माणूस आयुष्यभर संघटित धर्माला शिव्या देत आला त्याच्या लोकांनी १९८३ ला रजनीशिझम नावाचा धर्म रीतसर पुस्तक छापून जाहीर केला. का, तर अमेरिकेत करसवलत आणि धार्मिक व्यक्ती म्हणून व्हिसा दोन्हीसाठी धर्म असलेला बरा पडतो. १९८५ च्या सप्टेंबरात शीला युरोपात निघून गेली तेव्हा भगवानांनी स्वतःच हा धर्म संपला म्हणून सांगितलं आणि ते पुस्तक जाळण्यात आलं. शीलाने पैसे लाटले असा आरोपही त्यांनी केला, तिने तो कधी मान्य केला नाही. तिला शिक्षा झाली ती वेगळ्या गुन्ह्यांत, १९८४ ला द डॅल्स गावात हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडलं होतं ते प्रकरण त्यातलंच. रजनीशांना इमिग्रेशनच्या केसमध्ये चार लाख डॉलर भरावे लागले आणि देश सोडावा लागला. गाड्या टेक्सासच्या एका डीलरने विकत घेतल्या. रँचवर आता ख्रिश्चन तरुणांचं शिबिर चालतं.

१९८७ ला ते पुण्यात परत आले, १९९० च्या जानेवारीत गेले. त्यानंतरचा आश्रम म्हणजे रिसॉर्ट, आणि ते स्वतःच मेडिटेशन रिसॉर्ट म्हणवतात, लपवत नाहीत. ज्यांनी नव्वदीत तो गेट बघितलाय त्यांना आठवत असेल, आधी नोंदणी, मग जागेवर एचआयव्ही टेस्ट, त्याशिवाय पास नाही, मग मरून रोब दिवसा आणि पांढरा संध्याकाळच्या सभेसाठी, म्हणजे आत पाय ठेवायच्या आधीच खिशाला हात. बाहेर फुटपाथवर तेच मरून रोब टांगलेले असायचे आणि परदेशी लोक घासाघीस करत उभे. त्या एका गेटवर आख्ख्या लेनचं पोट चालायचं.

आता मालक कोण. इथे खरी भानगड आहे. माणूस गेल्यावर तीन गोष्टी उरल्या, जमीन, भाषणांचा कॉपीराइट आणि नाव. कॉपीराइट झुरिकच्या ओशो इंटरनॅशनल फाउंडेशनकडे. हजारो तासांची प्रवचनं, त्यातून निघालेली शेकडो पुस्तकं, डझनावारी भाषांत अनुवाद, लेखकाला नवीन काही लिहायचं नाही आणि रॉयल्टी चालूच. नावावरून दिल्लीच्या गटाशी भांडण झालं, अमेरिकेत २००९ ला ओशो हा ट्रेडमार्क रद्द झाला, युरोपात मात्र २०१७ ला कोर्टाने टिकवला. त्यातच ओशोंचं १९८९ चं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं आणि २०१३ ला काही शिष्यांनी त्यावरची सही खोटी असल्याची तक्रार पुण्यात पोलिसांत केली. पैसा परदेशी वळवला जातोय हा त्यांचा जुना आरोप, व्यवस्थापन तो नाकारतं.

जमिनीचं मात्र तसं नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, विश्वस्तांनी नुसता ठराव करून भागत नाही. कोविडमध्ये आश्रम बंद, उत्पन्न बंद, म्हणून ट्रस्टने स्विमिंग पूल आणि टेनिस कोर्टाकडचे दोन प्लॉट १०७ कोटींना एका मोठ्या उद्योगपतीला विकायचा घाट घातला, ५० कोटी ॲडव्हान्सही घेतला. शिष्यांनी हरकत घेतली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सह धर्मादाय आयुक्तांनी परवानगी नाकारली, ५० कोटी परत करा म्हणाले, वर २००५ पासूनच्या हिशेबांचं स्पेशल ऑडिट लावलं. ज्यांनी ट्रस्टची कामं केलीत त्यांना कळेल की यातला स्पेशल ऑडिट हा शब्द विक्री नाकारण्यापेक्षा जास्त झोंबणारा आहे.

म्हणजे आश्रमाला कायद्याने मालक असा कोणी नाही, विश्वस्त आहेत, आणि ते आयुक्तांना बांधील. तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करून फी भरा, न्यासाच्या नोंदीच्या आणि दाखल केलेल्या हिशेबपत्रकांच्या नकला मागता येतात, थोडे हेलपाटे पडतील. फक्त पुस्तकांच्या रॉयल्टीचे आकडे त्यात शोधू नका, तो हिशेब झुरिकला होतो.