मैत्रिणींसोबत केमिस्ट्रीचा अभ्यास : मुलीला थांबवू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे, शनिवार-रविवारी मैत्रिणी घरी जमून केमिस्ट्रीचे प्रश्न सोडवतात, पण खोलीतून हसण्याचेच आवाज जास्त येतात. मग हे बंद करून तिला एकटीला बसवावं का?

बंद करू नका. फक्त एकदा त्या गेल्यावर तिची वही उघडून बघा. पानावर दुसरीच्या अक्षरात लाल पेनने काही खरडलेलं दिसलं तर निश्चिंत राहा. वही अगदी स्वच्छ आणि देखणी असेल तर थोडी काळजी करा.

हे मी अनुभवावरून सांगतेय. मी बार्शीची, २०२३ची बारावी. आमची दहावीची परीक्षा २०२१ला कोविडमुळे रद्दच झाली होती, त्यामुळे तीन तास बसून बोर्डाचा पेपर लिहायची आमची पहिलीच वेळ. भीती होतीच. दिवाळीनंतर आम्ही चौघी एका मैत्रिणीच्या माडीवर जमायला लागलो.

पहिला महिनाभर आम्ही जे केलं त्याला अभ्यास म्हणवत नाही. आमच्यातली एक हुशार होती. ती फळ्यावर न्यूमेरिकल सोडवायची आणि आम्ही तिघी माना डोलवायचो. सगळं समजायचं. मग कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत तिने दोनदा समजावलेलं, अगदी तसंच न्यूमेरिकल आलं आणि मी अर्ध्यात अडकले. सूत्र आठवत होतं, पण एन्थॅल्पी (उष्णतेचं माप) किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) ज्यूलमध्ये दिलेली, ती एककं सारखी न करताच वजाबाकी केली. समजणं आणि हाताने उतरणं यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं. त्या हुशार मैत्रिणीला मात्र महिनाभर शिकवून भरपूर फायदा झाला होता!

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आधी लिहायचं, मग बोलायचं. थिअरीचा पेपर ७० मार्कांचा आणि वेळ तीन तास, म्हणजे मार्काला अडीच मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला घड्याळ लावून सात मिनिटं द्यायची, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. मग वह्या फिरवायच्या आणि दुसरीने लाल पेनने तपासायचं. मैत्रिणीचा पेपर तपासताना जो निर्दयपणा येतो तो स्वतःची वही तपासताना कधीच येत नाही.

एक प्रसंग सांगते. आयनिक इक्विलिब्रिया या धड्यातला प्रश्न होता : ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.७४, तर केए (ॲसिड किती जहाल ते सांगणारा आकडा) काढा. म्हणजे उणे ४.७४चा अँटिलॉग, दहाचा उणे ४.७४वा घात. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबलच वापरायचं. तिघींचं उत्तर तंतोतंत जुळलं, ५.४९५ गुणिले दहाचा उणे चौथा घात. चौथीचं आलं १.८२ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. आम्ही तिलाच वेड्यात काढलं, तिघी एकदम कशा चुकतील? पुस्तक उघडलं तर तीच बरोबर. लॉगटेबलमधला दशांश भाग नेहमी धन असावा लागतो. म्हणून उणे ४.७४ला आधी उणे ५ अधिक ०.२६ असं लिहायचं (बार पाच पॉइंट दोन सहा), मग .२६चा अँटिलॉग बघायचा. आम्ही सरळ .७४चा बघून मोकळ्या झालो होतो. तिघी एकीकडूनच शिकलेल्या, त्यामुळे चूकही एकच. बहुमताने त्या दिवशी व्हिनेगरमधलं ॲसिड तीस पटींनी जहाल करून टाकलं होतं. तेव्हापासून उत्तरं जुळली तरी पुस्तकाशी ताडून बघायचं असं ठरलं.

ऑरगॅनिकला मात्र गटाची खरी मजा. कन्व्हर्जन, म्हणजे एका पदार्थापासून दुसरा बनवायच्या पायऱ्या, साखळीने करायचो. एकीने एक पायरी लिहून वही पुढे सरकवायची. नायट्रोबेंझीनपासून फिनॉल घ्या. पहिलीने टिन आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहून ॲनिलिन केलं, दुसरीने सोडियम नायट्राइट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडने डायझोनियम क्षार केला, तिसरीने पाण्याबरोबर गरम करून फिनॉल काढलं. चौथीचं काम चुका शोधायचं. दुसऱ्या पायरीवर तापमान, २७३ ते २७८ केल्विन, हमखास विसरलेलं असायचं आणि चौथी खूश व्हायची. तुम्हाला ऐकू येणारं हसणं कदाचित असंही असेल.

आमच्यातल्या दोघी दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या, त्यातली एक मी. अकरावीत सगळं इंग्रजीत आलं तेव्हा रिडक्शन म्हणजे आपलं क्षपण, बेस म्हणजे आम्लारी हे सांगणारं कुणीतरी शेजारी असणं मोलाचं होतं. क्लासमध्ये हे विचारायला लाज वाटायची. माडीवर मराठीत भांडायचो आणि उत्तर इंग्रजीत लिहायचो.

आवर्तसारणीतल्या सोळा, सतरा, अठरा गटांच्या मूलद्रव्यांचा धडा किंवा पॉलिमर मात्र गटात करू नये असं माझं मत आहे. ते घरी एकटीने घोकायचं काम. पाठांतर चौघींत बसून होत नाही, तिथेच गप्पा सुरू होतात. आणि चौघींच्या वर संख्या जाऊ देऊ नका. आमच्यात पाचवी आली तो रविवार कुणाच्या तरी ताईच्या लग्नाच्या साड्यांत गेला.

जानेवारीपासून आम्ही पूर्ण पेपर लावायचो. दोन मार्कांचे १२ पैकी ८, तीन मार्कांचे १२ पैकी ८, चार मार्कांचे ५ पैकी ३ सोडवायचे असतात. कोणते सोडायचे यावर पेपरनंतर जो वाद व्हायचा त्यातून मला माझा स्वभाव कळला. मी डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) दिसलं की उडी मारायची आणि संयुगांचं सोपं नामकरण सोडून द्यायची. बहुपर्यायी प्रश्नात नुसतं अक्षर न लिहिता त्यासोबत उत्तरही लिहायचं असतं, हेही एकीच्या वहीवर लाल रेघ पडली तेव्हाच डोक्यात बसलं.

आणि खाण्याचं. मैत्रिणीची आई चुरमुऱ्यांची सुशीला करायची, कांदा-शेंगदाणे घातलेली, गरमागरम. सुरुवातीला आम्ही गेल्या गेल्या ताटल्या यायच्या आणि मग तासभर कुणी वही उघडायचं नाही. काकूंनी एक दिवस जाहीर केलं की लाल पेन बंद झाल्याशिवाय कढई चुलीवर चढणार नाही. तुम्हीही पोहे-चहा त्या वेळेलाच ठेवा.