ऑनलाईन ट्रेडिंगनं डॉलर-रुपयाच्या बाजारात काय बदललं?

भाऊ, तुम्ही विचारलं का कॉम्प्युटर आल्यावर परकीय चलनाच्या बाजारात काय फरक पडला, तं माझ्या मते सगळ्यात मोठा फरक म्हणजे भाव उघडा झाला. आधी बँकांचे डीलर फोनवर एकमेकांले भाव विचारायचे, मधात दलाल, अन् बाहेरच्याले खरा रेट समजायचाच नाही, जसं आमच्याकडं खेडा खरेदीवाला सांगेल तोच कापसाचा भाव. मंग १९९२ मध्ये रॉयटर्सची अन् १९९३ मध्ये ईबीएसची (मोठ्या बँकांनी मिळून काढलेली कंपनी) ऑर्डर जुळवणारी सिस्टीम आली, दलालाचं काम मशीन करू लागली, खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर कमी झालं.

आपल्याकडं २०१९ पासून एफएक्स-रिटेल हा बँकेच्या ग्राहकांसाठी डॉलर घ्यायचा-विकायचा ऑनलाईन प्लॅटफॉर्म आहे. म्हणजे यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगवाल्यानं गाठी बाहेरदेशी पाठवल्या तं तोही बँकेमार्फत त्यावर डॉलर विकू शकतो, अन् हे मले खरंच मोलाचं वाटते.

पण वेगाची भीतीही आहे. ७ ऑक्टोबर २०१६ ले पाउंड काही मिनिटांत जवळपास ९ टक्के पडला, मशीनचे सौदे हे त्यामागचं एक कारण होतं.

अन् हो, गावातल्या पोरांच्या मोबाईलवर फॉरेक्सचे ॲप येऊन राहिले, पैसे टाकायच्या आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट, म्हणजे परवानगी नसलेल्या फॉरेक्स ॲप-वेबसाईटची यादी, पाहा बाप्पा.