वाचक विचारतात : वही गेली, पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कविता कशा काय राहिल्या?

प्रश्न (एक काकू, गुहागर) : आमच्या आजेसासूबाई जात्यावर ज्या ओव्या म्हणायच्या त्या सासूबाईंनी एका वहीत उतरवल्या होत्या. वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती, मधले पावसाळे कोणी उघडून बघितलंच नाही, आणि काढली तर बुरशी नि कसर, पान उलटलं की तुकडा हातात. आता नातवाच्या पुस्तकात वाचलं की चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच्या कविता अजून मुलं पाठ म्हणतात. तिकडेपण पाऊस आहे, लढाया झाल्या, मग त्यांचं कसं टिकलं?

उत्तर : काकू, वहीचं वाचून फार वाईट वाटलं. पण आधी एक सांगते, तिकडची पुस्तकंसुद्धा गेलीच, आणि ढिगाने गेली. जे राहिलं ते बहुतेक करून एकाच ठिकाणी जपून ठेवलेलं नव्हतं म्हणून राहिलं.

त्यांचा सगळ्यात जुना कवितासंग्रह म्हणजे शिजिंग, 305 कविता, इसवीसनपूर्व साधारण अकराव्या ते सातव्या शतकातल्या. यात दरबारातली आणि पूजेतली गाणी आहेत तशीच शेतातली, लग्नातली, नवरा लढाईवर गेलेल्या बायकांची पण आहेत, म्हणजे तुमच्या ओव्यांच्या अगदी जवळची. इसवीसनपूर्व 213 मध्ये छिन सम्राटाने लोकांकडची ही पुस्तकं जाळायला लावली, चारचौघांत या कवितांवर बोललं तरी देहदंड. दरबारातल्या विद्वानांकडच्या प्रतींना सूट होती, पण पुढे 206 मध्ये राजधानीचे वाडेच पेटवले गेले, मग सरकारी प्रतींचं काय झालं असेल बघा. पुस्तकं बाळगायची बंदी उठली ती 191 मध्ये. आणि तरी शिजिंग जवळजवळ पूर्ण परत उभा राहिला, कारण लोकांना तो तोंडपाठ होता! हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, 'हान शू' नावाच्या पहिल्या शतकातल्या इतिहासातच लिहिलंय की या कविता नुसत्या बांबूवर आणि रेशमावर नव्हत्या, लोक त्या म्हणत होते, म्हणून वाचल्या.

आता तोंडी आलं म्हणजे फरक पडणारच. आपल्याकडे गणपतीत आरत्यांना सगळी वाडी जमते आणि 'फणिवरबंधना'चं बिनदिक्कत 'फळीवर वंदना' होतं ना, तसंच तिकडेही झालं, चिनी लिपीत एकाच उच्चाराची अनेक अक्षरं असतात, म्हणून उच्चार तोच पण लिहिणाऱ्याने अक्षर वेगळं घातलं, आणि छिननंतर आलेल्या हान राजवटीच्या काळात शिजिंगच्या चार परंपरा झाल्या, लू, छी, हान आणि माओ, प्रत्येकाचा पाठ थोडा वेगळा आणि अर्थ लावायची पद्धत तर खूपच वेगळी. त्यातली आज पूर्ण हातात आहे ती फक्त माओची. भांडणं मिटावीत म्हणून इसवीसन 175 ते 183 मध्ये लुओयांगला मुख्य ग्रंथ चक्क दगडात कोरून उभे केले. बघायला आणि उतरवून घ्यायला इतकी माणसं यायची की रस्ते गाड्यांनी भरून जायचे अशी नोंद आहे. आज त्या शिळांचे तुकडे तेवढे उरलेत. दगड फुटला, पाठांतर राहिलं.

आणि एकाच जागी ठेवण्याचा धोका बघायचा तर लिआंग घराण्याचा सम्राट युआन बघा. स्वतः कवी, पुस्तकांचा प्रचंड शौक, सगळं राजधानीत गोळा केलेलं. 554 मध्ये शत्रू शहरात शिरला तेव्हा या सम्राटानेच आपलं सगळं ग्रंथालय पेटवायला लावलं. एका रात्रीत!

याच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे बाय जूयी (772 ते 846). मला हा कवी त्याच्या कवितांइतकाच या एका गोष्टीसाठी आवडतो. म्हातारपणी त्याने आपल्या सगळ्या लेखनाच्या पाच प्रती केल्या आणि वाटल्या, एक लुशान डोंगरावरच्या मठात, एक सुजोच्या, एक लुओयांगच्या, एक पुतण्याकडे, एक मुलीच्या मुलाकडे. कुठे काय दिलं ते 845 मध्ये स्वतः लिहून ठेवलं, एकूण 3,840 रचना. लुशानची प्रत पुढे, त्याच्या वेळी चालू असलेल्या तांग राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत गेली. पण त्याआधी सुजोच्या मठात त्याने जे लेखन ठेवलं होतं ते 844 मध्ये एगाकू नावाच्या जपानी भिक्षूने उतरवून घेतलं होतं आणि तो पाठ, सगळा नाही पण बराचसा, जपानमध्ये राहिला. कवीच्या मनातही नसेल की आपली कविता समुद्रापलीकडे जाऊन वाचेल.

तेव्हा काकू, सासूबाईंना किंवा वाडीतल्या कुठल्या म्हातारीला त्या ओव्या अजून आठवत असतील तर आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, चुकत असेल तर चुकू दे, आणि एक कॉपी लेकीकडे, एक मुंबईच्या दिराकडे, एक गावच्या वाचनालयात द्या. आणि नातवाला चार तरी पाठ करायला लावा.

प्रश्न (एक वाचक, मालवण) : तेव्हा बांबूवर लिहायचे म्हणतात. बांबू आमच्याकडे परसात पडला तर वर्षभरात भुगा होतो. त्यांचा कसा नाही झाला?

उत्तर : त्यांचाही होतो. चिनी उत्खननवाल्यांमध्ये एक म्हणच आहे, कोरडं असेल तर हजार वर्षं, पाण्यात असेल तर दहा हजार, ना कोरडं ना ओलं तर सहा महिने! आपला कोकण या तिसऱ्यात. थडग्यात पाणी भरून चिखलात हवाच पोचली नाही तर बांबूच्या पट्ट्या राहतात, अगदी मऊ होतात पण अक्षरं वाचता येतात. 1977 मध्ये आन्हुई प्रांतातल्या फुयांगला एका थडग्यात शिजिंगच्या अशा पट्ट्या मिळाल्या, इसवीसनपूर्व 165 च्या सुमाराच्या. आन्हुई विद्यापीठाकडे 2015 मध्ये त्याहून जुन्या आल्या, पुस्तकं जाळण्याच्या आधीच्या, त्यात पन्नासच्या वर कविता आहेत. अक्षरं ठिकठिकाणी वेगळी आणि कडव्यांचा क्रम कधी पुढेमागे, पण कविता त्याच. पाठांतरवाल्यांनी किती नीट सांभाळलं होतं ते यावरून कळतं.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, सावंतवाडी) : तांग काळातल्या सगळ्या कविता एकत्र मिळतात का?

उत्तर : जेवढ्या सापडल्या तेवढ्या, हो. 1705 मध्ये कांगशी सम्राटाने हे काम त्साओ यिन या अधिकाऱ्याकडे दिलं, यांगजोला छपाई झाली, 900 भाग, 2,200 च्या वर कवी आणि 48,000 च्या वर कविता. पण ली बायसारख्या नावाजलेल्या तांग कवीचं बरंचसं त्यातही नाही, त्याच्या नातलगाने 762 मध्येच लिहून ठेवलंय की दहातलं नऊ हरवलं. आणि वेय जुआंगची 'छिन्फू यिन', राजधानी लुटली गेली तेव्हा एका बाईने काय पाहिलं ती 238 ओळींची कविता, मोठ्या लोकांना झोंबली म्हणून कवीने स्वतःच दाबून टाकली होती. घरच्यांना भिंतीवर टांगायलाही मनाई. पण तोवर लोकांनी ती उतरवून लांब लांब नेली होती आणि 1900 मध्ये वाळवंटातल्या तुनहुआंगची बंद गुहा उघडली तेव्हा तिथल्या कागदांत तिच्या एकापेक्षा जास्त प्रती निघाल्या. त्या 900 भागांत ती नाहीये, तुला वाचायची असेल तर नंतरच्या पुरवण्यांत बघ.