पाठांतराची सुरुवात ऐकण्यापासून करा

ताई, लेकीचं पाठांतर कशानं सुरू करावं, असं विचारलंत. ती चार वर्षांची आहे ना, मग समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांनी सुरुवात करा. श्लोक 205 आहेत, पण घाई नको. आठवड्याला एक पुरे. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणात 12 अक्षरं, आणि ठेका इतका पक्का की एखादा शब्द गळला तर मुलांनाच खटकतं. आधी तुम्हीच रोज म्हणत राहा, पोळ्या लाटताना, तिची वेणी घालताना. ती आपणहून सूर मिसळेल. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' अजिबात नको! अर्थ तिनं विचारला तरच सांगा, तोही थोडक्यात. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या जरूर शिकवायला सांगा; ती बोली पाठ्यपुस्तकात फारशी भेटत नाही. पाठ झालेलं मात्र अधूनमधून म्हणत राहा, नाहीतर मुलं विसरतात.