चित्रकला यथातथाच आहे, तरी हौशी चित्रकारांच्या गटात जावं का?

जा, आणि येत्या रविवारीच जा. ‘आधी क्लास लावू, जरा हात बसला की जाऊ’ असं मनात असेल तर ते राहू द्या. असं म्हणणारे वर्षानुवर्षं म्हणतच राहतात.

तुम्ही लिहिलंय की शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नाही, आता पंचेचाळिशीत पुन्हा काढावंसं वाटतंय, पण चार लोकांत वही उघडायची लाज वाटते. मी पुण्यात अशाच एका गटाबरोबर रविवारी सकाळी चित्रं काढायला जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या या लाजेचं मूळ बहुतेक वेळा एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये सापडतं. तांब्याची डावी बाजू उजवीसारखीच आली पाहिजे, संकल्पचित्रात रंग रेषेबाहेर जाता कामा नये, अक्षरलेखनात ‘क्ष’ फुगता कामा नये. त्या परीक्षांनी कित्येकांना शिस्त लावली, हे मान्यच. पण ए ग्रेडवाली चार मुलं सोडली तर उरलेल्या वर्गानं ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ हे तेव्हाच ठरवून टाकलं आणि पुढं कुणी ते तपासूनही पाहिलं नाही.

‘अर्बन स्केचर्स’ हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. सिएटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये इंटरनेटवर सुरू केलेला हा गट आज जगभर पसरलाय. मुंबई-पुण्यातही त्यांच्या शाखा आहेत. त्यांचा आठ कलमी जाहीरनामा आहे. प्रत्यक्ष जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं. साधन कुठलंही चालेल. एकमेकांना साथ द्यायची, मिळून काढायचं, अशी ती कलमं. चित्र चांगलं आलंच पाहिजे, असं आठांपैकी एकही कलम म्हणत नाही! आमचा गट त्यांचा नाही, छोटासाच आहे, पण रीत बरीचशी तीच.

म्हणजे होतं काय, तर आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जागा ठरते. सकाळी जमायचं, जरा हिंडायचं, सावली बघून ज्याला जिथं जमेल तिथं बसायचं. दीड-दोन तास कुणी कुणाच्या वहीत डोकावत नाही. मग सगळ्या वह्या एखाद्या कट्ट्यावर नाहीतर सरळ जमिनीवर शेजारी शेजारी मांडायच्या.

हा शेवटचा भाग तुम्हाला भीतीदायक वाटत असणार, आणि खरी गंमत तिथंच आहे. आम्ही मंडईत गेलो होतो तेव्हाचं सांगते. महात्मा फुले मंडईची ती १८८६ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. काढायला महाकठीण, कारण नक्की कुठली बाजू आपल्याकडे आहे तेच कळत नाही. वह्या मांडल्या तेव्हा एका मनोऱ्याला सहा बाजू होत्या, एक नुसताच गोल होता, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचा नेहमीप्रमाणे उजवीकडे कलला होता. त्यांच्या सगळ्याच इमारती उजवीकडे कलतात. आता सही नसली तरी त्यांचं पान ओळखू येतं. एका कॉलेजच्या मुलीनं मनोऱ्याचा नादच सोडला आणि लिंबं विकणाऱ्या मावशींना काढलं. मावशी गिऱ्हाईक सोडून बघायला आल्या, वही हातात घेतली आणि म्हणाल्या, “माझं नाक एवढं मोठं हाय व्हय गं?” मग शेजारच्या कोथिंबीरवालीला बोलावून खात्री करून घेतली. दोघींचं एकमत झालं की नाक आहे तेवढंच आहे.

आता एक कटू बोलते. काही गटांत ‘वा, सुंदर, अप्रतिम’ याखेरीज दुसरं काही बोललंच जात नाही. पहिल्या दिवशी ते ऐकून बरं वाटतं, पण पुढं त्याला काही अर्थ उरत नाही. कच्चं चित्र चालवून घेणं वेगळं आणि ते पक्कं असल्याचं नाटक करणं वेगळं. आमच्यात ‘ही सावली कशी केलीस?’ असं विचारतात, आणि चूक विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. याउलट जिथं एक सर मधे उभे राहून प्रत्येकाच्या वहीत रेघ ओढतात, तो क्लास झाला. क्लास वाईट नाही, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे. आणि जिथं महिनाभरातच प्रदर्शनाची वर्गणी मागतात, तिथून मी तर निघून येईन.

सामानाचं थोडक्यात. महागाचे रंग घेऊ नका. कॅम्लिनच्या रंगाच्या वड्यांची साधी पेटी पुरते. कागदावर मात्र थोडे पैसे घाला: शाळेच्या ड्रॉइंग वहीचा कागद पाणी लागलं की पापडासारखा वाकडा होतो. तीनशे जीएसएमची (म्हणजे चांगल्या जाड कागदाची) हातात मावेल एवढी वही घ्या. पेनाची शाई पाण्यानं न पसरणारी हवी, नाहीतर रंग लावताच मनोरा वाहून जातो. खोडरबर घरीच ठेवलात तर उत्तम, निम्मा वेळ वाचतो.

पहिल्या दिवशी अख्खी इमारत काढायला जाऊ नका. एक खिडकी घ्या, चहाची टपरी घ्या, नाहीतर उभी केलेली सायकल. (सायकल नकोच, ती फार फसवी.) मागं येऊन बघणारे भेटतीलच. त्यातली निम्मी माणसं ‘माझं पण काढा’ म्हणतात आणि उरलेली आपला पुतण्या किती छान काढतो ते सांगतात. मान डोलवायची आणि काढत राहायचं.

आणि पाण्याच्या बाटल्या दोन घ्या, एक प्यायला आणि एक ब्रश बुडवायला. दोन्ही दिसायला सारख्या असू नयेत.