शीतयुद्ध संपून तीस-पस्तीस वर्षं झाली, मग युरोपला आता नाटोची खरंच गरज आहे का?

तुमचा मुद्दा असा की सोव्हिएत युनियन आणि त्याच्या गोटातल्या देशांची लष्करी युती, म्हणजे वॉर्सा करार, दोन्ही 1991 मध्येच आटोपले, मग अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांची ही लष्करी युती, नाटो, कशाला चालू ठेवलीय? आणि ट्रम्प यांची भाषा ऐकल्यावर युरोपने त्यावर विसंबून तरी का राहावं? मी काही संरक्षणतज्ज्ञ नाही. नोकरीनिमित्त आठ वर्षं हेलसिंकीत राहतोय, म्हणून इथून जसं दिसतं तसं लिहितो.

आमच्या इमारतीच्या तळघरात एक खोली आहे. जाड लोखंडी दार, त्याला रबराची कड, आत लोकांच्या सायकली, स्की, मुलांच्या घसरगाड्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, अडगळीची खोली असेल. शेजारच्या आजोबांनी सांगितलं तेव्हा कळलं की तो बॉम्बपासून बचावाचा आसरा आहे, आणि सरकारचा आदेश आला की 72 तासांत रिकामा करून द्यायचा असतो. पुण्यात बिल्डरला पार्किंग दाखवावं लागतं, तसं इथे मोठी इमारत बांधायची तर हे बांधावंच लागतं. देशात असे 50 हजारांच्या आसपास आसरे आहेत. 56 लाखांच्या देशात सुमारे 48 लाख लोकांची सोय. इताकेस्कुस भागातला पोहण्याचा तलाव जमिनीखाली खडकात कोरलाय, तोही वेळ पडली तर आसराच.

हे सांगण्याचं कारण, इतकी तयारी ठेवणारा हा देश 2023 पर्यंत नाटोत नव्हता. 30 नोव्हेंबर 1939 ला स्टालिनच्या फौजा फिनलंडमध्ये घुसल्या, तेव्हा जगाने हळहळ भरपूर व्यक्त केली, सैन्य मात्र कुणी पाठवलं नाही. पूर्वेकडच्या करेलिया प्रांताचा मोठा भाग गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून पश्चिमेला आली. युद्धानंतर फिन लोकांनी एक सवय लावून घेतली: मॉस्कोला दुखवायचं नाही, पण आपल्या दाराची कडीही काढायची नाही. नाटोत जावं का, असं विचारलं तर चारातला जेमतेम एक जण हो म्हणायचा. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला आणि काही आठवड्यांत हे पार उलटलं. त्या मे महिन्यात संसदेत ठराव 188 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाला आणि 4 एप्रिल 2023 ला फिनलंड एकतिसावा सदस्य झाला. दोनशे वर्षं कुठल्याच युद्धात न उतरलेला स्वीडन मार्च 2024 मध्ये आला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळतं. रशियाशी 1340 किलोमीटरची सीमा असलेल्या, अत्यंत हिशेबी लोकांनी सगळं तोलून पाहिलं आणि आत जायचं ठरवलं.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे, नाटोनेच पसरत जाऊन रशियाला डिवचलं. यात तथ्य आहेच. 2008 मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत युक्रेन आणि जॉर्जियाला ‘तुम्ही सदस्य व्हाल’ असं सांगितलं, पण कधी ते सांगितलं नाही आणि तोवर संरक्षणही दिलं नाही. माझ्या मते नाटोच्या इतिहासातला हा सर्वात बेजबाबदार कागद आहे. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झालं. पण नुसती सीमेवरची जवळीक हेच कारण असतं, तर फिनलंड आल्यावर रशिया-नाटो जमिनीवरची सीमा दुपटीहून जास्त वाढली, तेव्हा काय व्हायला हवं होतं? रशियाने फिनलंडच्या बाजूचा लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभा केला, धमक्या दिल्या. हल्ला मात्र झाला तो उंबऱ्यावर उभ्या ठेवलेल्या जॉर्जिया आणि युक्रेनवर. आत असलेल्या एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या बाल्टिक देशांवर अजून झालेला नाही.

आता नाटो करारातलं ते प्रसिद्ध कलम 5. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, एवढंच आपण ऐकलेलं असतं. करारात पुढे असं आहे की प्रत्येक सदस्य त्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कारवाई करेल. म्हणजे उद्या कुणी तंबू आणि औषधं पाठवून मोकळं झालं तरी कराराचा भंग झाला असं म्हणणं अवघड. आजवर हे कलम एकदाच लागू झालं, 2001 मध्ये, आणि तेही अमेरिकेसाठी. चिमुकल्या डेन्मार्कने अफगाणिस्तानात 40 हून जास्त सैनिक गमावले. त्याच डेन्मार्ककडून त्याच्या ताब्यातलं ग्रीनलंड बेट घेताना बळ वापरणार नाही, एवढंसुद्धा आश्वासन द्यायला जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प तयार नव्हते. इथल्या ऑफिसात त्या आठवड्यात कॉफीच्या वेळी दुसरा विषयच नव्हता.

म्हणून कागदापेक्षा माणसं कुठे उभी आहेत ते बघावं. 2017 पासून एस्टोनियात ब्रिटिश, लाटव्हियात कॅनडियन, लिथुआनियात जर्मन आणि पोलंडमध्ये अमेरिकी नेतृत्वाखालच्या तुकड्या आहेत. त्या रशियाला थोपवण्याइतक्या मोठ्या नव्हत्याच. हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी त्यांचेही सैनिक मरतील आणि त्यांच्या राजधान्यांना हात झटकता येणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. सप्टेंबर 2025 मध्ये रशियन ड्रोन पोलंडमध्ये शिरले, तेव्हा ते पाडायला पोलिश विमानांसोबत डच एफ-35 लढाऊ विमानं होती. त्याच महिन्यात तीन रशियन मिग-31 लढाऊ विमानं एस्टोनियाच्या हद्दीत बारा मिनिटं राहिली, तेव्हा त्यांना अडवायला इटालियन वैमानिक उडाले. कराराची भाषा काही असो, रोजचं काम असं चालतं.

अमेरिकेशिवाय हे चालेल का? आज तरी नाही. सैनिक युरोपकडे आहेत. उपग्रहांवरून येणारी माहिती, हवेत इंधन भरणारी विमानं, पॅट्रियटसारखी क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा, यांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे. मार्च 2025 मध्ये युक्रेनला गुप्त माहिती देणं अमेरिकेने काही दिवस थांबवलं, तेव्हा युरोपचे डोळे खऱ्या अर्थाने उघडले. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतलीय. 2014 मध्ये जीडीपीच्या 2 टक्के संरक्षणावर खर्च करणारे तीनच सदस्य होते. जून 2025 मध्ये हेगच्या नाटो बैठकीत 2035 पर्यंत 5 टक्क्यांचं लक्ष्य ठरलं, त्यातले दीड टक्के रस्ते, पूल, सायबर सुरक्षा असल्या गोष्टींसाठी. आणि हो, ही काही गणपती मंडळाची वर्गणी नाही. हा प्रत्येक देशाचा स्वतःच्या सैन्यावरचा खर्च आहे, त्यामुळे कमी खर्च करणाऱ्या देशांकडे नाटोची ‘थकबाकी’ आहे वगैरे म्हणणं ही शुद्ध थापेबाजी.

नाटोचे पहिले सरचिटणीस लॉर्ड इस्मे. जन्म नैनितालचा, 1947 मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांचे चीफ ऑफ स्टाफ. रशियनांना बाहेर, अमेरिकनांना आत आणि जर्मनांना खाली ठेवायला नाटो आहे, हे वाक्य त्यांच्या नावावर खपतं. मे 2025 मध्ये लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसच्या चौकात जर्मन ब्रिगेडचा स्थापना सोहळा झाला, पाच हजारांच्या आसपास माणसं कायमची ठेवण्यासाठी. ज्या शहराने हिटलरची फौज पाहिली तिथे जर्मन सैनिकांचं स्वागत झालं. इस्मेंच्या वाक्याचा तिसरा भाग बाद झाला, दुसरा डळमळतोय, पहिला मात्र जसाच्या तसा.

आमच्या तळघरातल्या त्या दाराचं रबर गेल्या शरद ऋतूत बदललं. सोसायटीच्या सभेत खर्चावर कुणी चकार शब्द काढला नाही. वाद झाला तो सायकली कुठे ठेवायच्या यावर.